पार्श्वभूमी : पर्यावरणशास्त्राची पदवी आणि रेस्टोरेशनची नोकरी

पर्यावरणशास्त्र शिकून परिसंस्था पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे रेस्टोरेशनच्या कामात शिरणारी मुले आता पुण्या-मुंबईत बऱ्यापैकी भेटतात. पण हा विषय आपल्याकडे रुजला तो या कामासाठी नव्हे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, भोपाळची वायुदुर्घटना, मग १९८६ चा पर्यावरण कायदा अशा क्रमाने तो आला आणि त्याचा कल सांडपाणी-धुराड्यांकडेच राहिला.

वाद झाला तो हा विषय सर्वांना सक्तीचा करण्यावरून. एका वकिलाच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकवायला सांगितले. आदेश रेंगाळला. अखेर २००३-०४ च्या सुमारास सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम सगळ्या शाखांच्या पदवीला लागू झाला : ५० तासिका, त्यांतल्या ५ प्रत्यक्ष भेटीच्या, १०० पैकी २५ गुण भेटीच्या अहवालाला. ओढा, टेकडी, गवताळ माळ पाहा, तिथली झाडे-किडे-पाखरे टिपा, असे त्यात चक्क लिहिले होते. विरोधक म्हणत, चांगला विषय ‘पास होण्यापुरता’ होईल. समर्थक म्हणत, एरवी कॉमर्सच्या मुलाच्या कानावर हे पडणारच नाही. दोघेही बरोबर निघाले. पर्यावरणात एम.एस्सी. झालेल्यांना प्राध्यापकीची आशा लागली, पण अनेक ठिकाणी तासिका भूगोलाकडे, वनस्पतिशास्त्राकडे, नाहीतर ज्याचा वर्कलोड कमी पडतोय त्याच्या गळ्यात गेल्या. प्रकल्पवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची रीत पडली. सक्तीपेक्षा माणसे न नेमता केलेली सक्ती नडली, असे मला वाटते.

नोकऱ्या आल्या दुसऱ्याच दारातून. १९९४ च्या आणि पुढे २००६ च्या अधिसूचनेने प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचा अहवाल लागू लागला. पदवीधर सल्लागार कंपन्यांत गेले.

रेस्टोरेशनला पैसा मिळाला त्याहून उशिरा. २०१४ पासून कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजकार्याला द्यायचा निधी, आणि २०१६ पासून भरपाई वनीकरणाच्या, म्हणजे प्रकल्पांना दिलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडे लावण्याच्या निधीचा कायदा. याच काळात महाराष्ट्रात वृक्षलागवडीची उद्दिष्टे चढत गेली : २०१६ मध्ये २ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. मोजायला खड्डे आणि रोपे सोपी. माळरानाचे काय? सरकारदरबारी ते ‘पडीक’, म्हणून झाडे लावायला मोकळे. प्रत्यक्षात तिथे माळढोक, लांडगा, चंडोल आणि मेंढपाळाचे गवत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प हे झपाट्याने वाढणारे परदेशी झाड लावले, तेही अशाच हिरवळीच्या घाईतून. त्यामुळे या क्षेत्रात आलेल्या तरुणाला लागवडीआधी ‘इथे झाड नको’ हे पटवावे लागते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून जाहीर केलेल्या परिसंस्था पुनरुज्जीवनाच्या दशकाने या कामाला प्रतिष्ठा दिली, पण निधी अजूनही मार्चअखेरचे वेळापत्रक पाळतो.

कामाला लागते काय? पाने झडल्यावरही झाड ओळखणे, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती जोडणारी प्रणाली), स्थानिक प्रजातींची रोपवाटिका. पावसाळा सरला की माळावर फिरून पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचे बी वेळेत गोळा करायचे. चार दिवस उशीर झाला की ते गळून जाते, आणि कुसळीचे उरलेले बी पँटच्या पायांत रुतून घरी येते. हे बहुतेक जण एखाद्या टेकडीच्या किंवा देवराईच्या गटासोबत हिंडूनच शिकतात; गुणपत्रिकेत त्याचा मागमूस नसतो.