रिव्हर्स कॅमेरा: स्क्रीन बदलत नाही, की चित्र येत नाही?

‘रिव्हर्स कॅमेरा गेलाय’ या एका वाक्यात दोन पूर्ण वेगळे बिघाड कोंबले जातात. मग नवा कॅमेरा आणला जातो, मागचा बंपर उघडला जातो, आणि स्क्रीन होती तशीच राहते. कॅमेऱ्यावर पैसे घालवण्याआधी एक गोष्ट नीट बघा. रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीनवर गाणी किंवा नकाशाच दिसत राहतो, की स्क्रीन बदलते पण चित्र येत नाही?

सेन्सर आणि कॅमेरा यांतला फरक बहुतेकांना माहीत असतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. सेन्सरचा बीप ऐकू आला तर रिव्हर्स पडल्याचं गाडीला कळलं, एवढाच त्याचा अर्थ. कॅमेऱ्याबद्दल त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता खरा घोळ. बाहेरून बसवलेल्या साध्या कॅमेऱ्याचं काम दोन वाटांनी चालतं. पहिली वाट ट्रिगरची: रिव्हर्स लाइटचे १२ व्होल्ट एका बारीक वायरने स्टीरिओच्या (डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवाल्या युनिटच्या) ‘रिव्हर्स’ किंवा ‘बॅक’ लिहिलेल्या वायरपर्यंत जातात आणि स्टीरिओ स्क्रीन बदलतो. दुसरी वाट चित्राची: कॅमेऱ्याला वीज, अर्थिंग आणि पिवळ्या पिनची व्हिडिओ केबल. गोंधळाचं मूळ असं की या दोन्ही वाटा बहुतेक वेळा एकाच केबलमधून जातात. ती पिवळी केबल हातात घेऊन पाहा. दोन्ही टोकांना तिच्यातून एक बारीक लाल वायर सुटी बाहेर आलेली असते. ती ट्रिगरची. ती तुटली आणि व्हिडिओ केबल शाबूत राहिली, तर कॅमेरा मागे उत्तम चित्र काढत असतो, पण स्टीरिओला ते दाखवायचंय हेच कळत नाही.

म्हणून स्क्रीन बदलतच नसेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, रिव्हर्स टाका आणि मागचा पांढरा दिवा लागतोय का पाहायला कुणालातरी मागे उभं करा. दिवाच लागत नसेल तर बल्ब, फ्यूज किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच तपासा. दिवा लागत असेल तर स्टीरिओमागच्या ट्रिगर वायरला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. एरवी शून्य आणि रिव्हर्समध्ये १२ च्या आसपास दिसायला हवं. शून्यच राहिलं तर लाल वायर कुठेतरी तुटली आहे. १२ येऊनही स्क्रीन ढिम्म असेल, तर आधी स्टीरिओच्या सेटिंगमध्ये रिव्हर्स कॅमेरा चालू आहे का पाहा.

स्क्रीन बदलते पण काळी, निळी किंवा ‘नो सिग्नल’ दिसते, तेव्हा ट्रिगर ठीक आहे. रंगावरून निदान करू नका, तो स्टीरिओगणिक बदलतो. काळ्या स्क्रीनवर पार्किंगच्या रेघा दिसल्या की ‘म्हणजे कॅमेरा चालू आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं, तेही अर्धवट आहे. काही रेघा कॅमेरा काढतो, काही स्टीरिओ. पिवळी पिन उपसा. रेघा तशाच राहिल्या तर त्या स्टीरिओच्या आहेत आणि कॅमेऱ्याबद्दल काही सांगत नाहीत. रेघा गेल्या तर कॅमेऱ्याला वीज मिळतेय, केबलही ठीक आहे. दोष लेन्सवरच्या चिखलात किंवा कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरमध्ये.

पुढे कॅमेऱ्याच्या पॉवर पिनवर १२ व्होल्ट मोजा. ते असतील तर कॅमेऱ्याची काळी वायर तात्पुरत्या वायरने बॉडीच्या उघड्या पत्र्याला जोडून पाहा. चित्र आलं तर अर्थिंग खराब होतं. नाही आलं तर कॅमेरा काढून पुढे आणा, स्टीरिओला छोट्या केबलने जोडा आणि १ अँपिअरच्या फ्यूजमधून १२ व्होल्ट द्या. इथे चित्र आलं तर दोष मधल्या केबलचा. हॅचबॅक आणि एसयूव्हीत तो बहुधा डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत सापडतो. डिकी उघडताना-मिटताना वायर तिथेच वाकते. बाहेरून आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. रिव्हर्समध्ये डिकी हळूहळू उघडताना चित्र लुकलुकलं तर जागा सापडली. साधी वायर तुटली असेल तर सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात काळा पडतो. व्हिडिओ केबल मात्र सांधू नका, पूर्ण बदला.

छोट्या केबलवरही चित्र नाही आलं, तेव्हाच कॅमेरा गेला म्हणा. नवा घेताना स्टीरिओ एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा सिग्नल) चालवतो की फक्त साधा, जुना सीव्हीबीएस सिग्नल, ते आधी बघा. सीव्हीबीएसवाल्या स्टीरिओला एएचडी कॅमेरा जोडला तर नव्या कॅमेऱ्यासहही चित्र धड येत नाही. आणि कंपनीने बसवलेल्या कॅमेऱ्याला थेट १२ व्होल्ट कधीही देऊ नका. त्यांतल्या काहींना स्टीरिओकडून ६ व्होल्टच मिळतात, आणि चांगला कॅमेरा तिथेच जळतो.