दात गेले, पण हाड किती उरलंय?

खालच्या जबड्यातले सगळे दात गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी इम्प्लांटबद्दल सांगितलं की घरी लगेच गुणाकार सुरू होतो. एका इम्प्लांटचा खर्च अमुक, दात चौदा, म्हणजे हे काही आपल्या आवाक्यातलं नाही. तिथेच विषय संपतो आणि कवळी करायला टाकली जाते. मला या गुणाकाराचं फार वाईट वाटतं, कारण तो मुळातच चुकीचा आहे. जबड्यात हाड चांगलं असेल तर खालची पूर्ण पक्की बत्तिशी चार इम्प्लांटवर उभी राहते. कवळी हलू नये एवढंच हवं असेल तर दोन पुरतात. किती दात गेले यापेक्षा हाड किती आणि कुठे शिल्लक आहे, यावरच सगळं ठरतं.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं मूळ. टायटॅनियमचा साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि सेंटिमीटरभर लांबीचा स्क्रू. हा धातू हाडाला चिकटतो हे कळलं ते स्वीडनमधल्या सशांमुळे. १९५२ मध्ये लुंड इथे पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क हे संशोधक हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या बारीक नळ्या बसवत. नळ्या महाग, म्हणून प्रयोग झाल्यावर त्या काढून पुन्हा वापरायच्या होत्या. पण त्या निघेनात. हाड धातूला अगदी बिलगून वाढलं होतं. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि त्या थराशी हाडाच्या पेशींचं वैर नसतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ब्रॉनेमार्कांनी चार इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट काम देत होते. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र ही पद्धत मनापासून स्वीकारली ती १९८२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथे इम्प्लांटवर भरलेल्या परिषदेनंतर.

हाडाने स्क्रूला धरावं यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, उष्णता. हाड ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते. म्हणून ड्रिल हळू फिरवतात, जाडी टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि सलाइनची धार चालूच ठेवतात. दुसरी, स्थिरता. भरून येण्याच्या काळात स्क्रू मिलिमीटरच्या दशांशाहून जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंची ऊती तयार होते आणि तो कायमचा सैल राहतो. त्यामुळेच पूर्वी खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबत. आता स्क्रू सुरुवातीलाच घट्ट बसला तर तात्पुरते दात लवकर देता येतात.

आता अनेक दात गेल्यावर काय करता येतं ते पाहू. ओळीने तीन दाढा गेल्या असतील तर दोन टोकांना दोन इम्प्लांट आणि त्यांवर तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले कृत्रिम दात. इथे बरेच जण विचारतात, शेजारचा स्वतःचा दात आहेच, तर एकच इम्प्लांट घालून ब्रिज त्या दाताला का जोडू नये? सहसा ते टाळतात. नैसर्गिक दात हाडात तंतूंच्या पातळ पडद्यावर टांगलेला असतो, चावताना तो किंचित खाली दबतो. इम्प्लांटला तो पडदा नाही, तो दबत नाही. दोघांना एकत्र बांधलं की सगळा ताण एकाच बाजूला येतो. भातात खडा आला की आपला जबडा चटकन थांबतो, तोही याच पडद्यातल्या नसांमुळे. इम्प्लांटवरच्या दाताला ही जाणीव बरीच कमी असते.

खालची कवळी हे तर वेगळंच दुःख. वरची कवळी टाळूला धरून राहते, खालचीला असा आधार नसतो. शिवाय जीभ तिला सतत उचलत असते. शेंगदाणा चावला की एक बाजू उठते आणि हिरडी सोलवटते. पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट घातले की कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते. रात्री काढून धुता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात नसतील तर हाच किमान उपाय पहिला सुचवावा, असं मत मांडलं. आपल्याकडे हा मधला मार्ग रुग्णांना पुरेसा सांगितलाच जात नाही, असं मला वाटतं.

काढायची कवळी नकोच असेल तर चार ते सहा इम्प्लांट. पोर्तुगालमधल्या लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी १९९८ पासून चार इम्प्लांटची पद्धत रुजवली. तिच्यात मागचे दोन तिरके घालतात. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची, म्हणजे नाकाशी जोडलेली हवेची पोकळी असते, खालच्या जबड्यातून संवेदनेची नस जाते. तिरप्या दिशेमुळे दोन्ही टाळता येतात आणि पुष्कळदा हाडाची भर घालायचं ऑपरेशनही वाचतं. हे सगळं नेमकं दिसण्यासाठी जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करावा लागतो.

धोकेही आहेत. इम्प्लांटभोवती हिरडीची पकड नैसर्गिक दाताइतकी पक्की नसते. तिथे जंतू साठले की हाड झिजू लागतं, आणि बराच काळ दुखतही नाही. ब्रिजखाली बारीक ब्रश रोज फिरवायलाच हवा. तंबाखू आणि मिश्री चालू असेल किंवा साखर आटोक्यात नसेल, तर अपयशाची शक्यता वाढते. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधं चालू असतील तर तीही डॉक्टरांना आधी सांगावीत.

दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली बहुतेक झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. म्हणून इम्प्लांटचा विचार दात काढल्यावर दोन-चार वर्षांनी नको. दात काढायचं ठरेल त्याच भेटीत, खुर्चीतून उठण्याआधी, विचारा: इथलं हाड टिकवण्यासाठी आत्ता काय करता येईल?