स्कूटर आडवी करून चालू होत नाही

महिनाभर उभी राहिलेली स्कूटर चालू होत नसली की शेजारचे काका हमखास सांगतात, "एका अंगाला तिरकी कर, मग किक मार." सल्ला खोटा नव्हता, पण तो होता १९७२पासून आकुर्डीत बनलेल्या जुन्या चेतकसारख्या, कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्यांसाठी. बरेच दिवस उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जायचं. तिरकी केली की त्यातला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट हलायचा, जास्तीचं पेट्रोल इंजिनाकडे जायचं आणि चोक ओढल्यासारखा परिणाम व्हायचा.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले आणि बहुतेक नव्या स्कूटरमध्ये फ्युएल इंजेक्शन बसलं. इथे पेट्रोल विजेवर चालणारा पंप ढकलतो. म्हणजे गाडी कितीही वाकवा, बॅटरी मेली असेल तर पेट्रोल पोचणारच नाही. म्हणूनच अशा वेळी किकही अनेकदा निरुपयोगी ठरते. उगाच शंभर किका मारून गुडघा दुखवून घेऊ नका.

त्यापेक्षा चावी फिरवा आणि सीटखाली कान द्या. पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज आला पाहिजे. नाहीच आला, हॉर्नही घोगरा वाजला, तर बॅटरी तपासून घ्या. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आवाज येऊनही गाडी चालू होत नसेल तर इंजिन बंद करणारा किल स्विच, साइड स्टँड वर आहे का, मग स्पार्क प्लग बघा.

बॅटरीच्या चार्जिंगसाठी जागेवर दोन मिनिटं इंजिन चालवणंही पुरत नाही. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं फेरी मारून या.