दातात किडा नसतो, मग खरवडायचं काय?

‘कीड लागली’ हा शब्दच घोटाळा करतो. किडा आत बसलाय, तो पूर्ण कोरून काढला नाही तर दात जाणार, अशी समजूत पक्की. म्हणून चार वर्षांच्या पोराला खुर्चीत दाबून धरायचं, नाहीतर “दुधाचाच दात, पडेल की” म्हणून सोडून द्यायचं.

दातात किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातातली खनिजं विरघळवतं. जिवाणूंचं खाणं तोडलं की कीड जागीच थांबू शकते. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांची पद्धत हेच करते: दुधाच्या दाढेवर स्टीलची टोपी सिमेंटने घट्ट बसवायची. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. कीड आतच, पण उपाशी. चावताना दाढ उंच लागते, काही आठवड्यांत ते जुळतं.

दुसरा उपाय म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, कीड थांबवणारं चांदी-फ्लोराइडचं द्रव औषध, बहुधा ३८ टक्के तीव्रतेचं. ब्रशने थेंबभर लावायचं, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो; आई-वडिलांना हे आधीच सांगायला हवं. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

रात्री ठणका, हिरडीला गळू किंवा सूज असेल तर यातलं काहीच चालत नाही. आणि मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते, त्यामुळे “पडेल की” हेही खरं नाही.