बास्केटबॉलपटूंचे स्थलांतर आणि ग्रामीण विदर्भ

एका देशात घडलेला खेळाडू दुसऱ्या देशातल्या व्यावसायिक संघाकडून खेळायला जातो, त्याला खेळाडू-स्थलांतर म्हणतात. विदर्भातल्या खेड्याला ही गोष्ट नवी नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले की कबड्डीच्या सामन्यांसाठी एखादे मंडळ बाहेरगावचा रेडर आणते. जाण्यायेण्याचे भाडे, जेवण आणि हातावर काही रक्कम, एवढा करार. गावात कुरकुर होते, पण त्याने पहिल्याच चढाईत दोन गडी टिपले की कुरकुर थांबते.

बास्केटबॉलमध्ये हाच व्यवहार खंडाखंडांत चालतो. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये पूर्वी परदेशी खेळाडू मोजकेच असत. नायजेरियाचा हकीम ओलाजुवान 1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, पहिला निवडला गेला, पण तो अमेरिकेतल्याच विद्यापीठातून आला होता. युरोपचे दार खरे उघडले 1989 मध्ये, युगोस्लाव्हियाचे डिव्हाच व पेट्रोविच आणि लिथुआनियाचा मार्चुलिओनिस आले तेव्हा. 2023-24 चा हंगाम सुरू झाला तेव्हा 40 देशांचे 125 परदेशी खेळाडू एनबीएच्या संघांत होते. 2019 ते 2025 या सातही वर्षांत हंगामातला सर्वोत्तम खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेलाच ठरला.

उलटा प्रवाहही मोठा आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते. एनबीएत संघ 30 आणि नियमित करार संघामागे 15. तिथे जागा न मिळालेले अमेरिकी खेळाडू तुर्की, स्पेन, चीन, ऑस्ट्रेलिया इथे खेळून पोट भरतात. युरोपीय न्यायालयाने 1995 मध्ये फुटबॉलपटू बॉसमनच्या खटल्यात दिलेल्या निकालामुळे युरोपियन युनियनमधल्या देशांच्या खेळाडूंवरची राष्ट्रीयत्वाची मर्यादा सैल झाली. बास्केटबॉललाही तो लागू पडला. देश बदलताना आधीच्या देशाच्या महासंघाचे ना-हरकत पत्र लागते. शाळा बदलताना टीसी लागते, तसेच.

भारताच्या वाट्याला यातले थोडेच आले. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2010 मध्ये, चौदा वर्षांचा असताना फ्लोरिडातल्या अकादमीत गेला. 2015 मध्ये एनबीएतल्या डॅलस संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमधला तो पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. खेड्यातून अकादमी आणि तिथून परदेश, ही वाट मात्र त्याने दाखवली.

विदर्भात ही वाट पहिल्याच टप्प्यावर अडते, आणि अडवते ती जमीन. काळ्या कन्हारीत, म्हणजे इथल्या चिकण जमिनीत, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बोटभर रुंद भेगा. चेंडू उसळणार कुठे? मुरूम टाकला तर खडा रबर खातो. कबड्डीला तीच माती चालते. शाळेच्या मैदानावर वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेली एखादी रिंग दिसते, बहुधा बिनजाळीची. पोरगा उंच निघाला तर खेळाचे सर त्याला व्हॉलीबॉलला घेतात. त्याचे नेट दोन बांबूंना बांधले की झाले.