एका ग्रॅम गुळाचं ओझं

लांब पल्ल्याच्या सायकलवारीला निघणारा माणूस आदल्या रात्री सामान काढून ठेवतो आणि मग एकेक वस्तू कमी करायला लागतो. दाढीचं सामान जातं, जादा टीशर्ट जातो, आणि शेवटी जादा पाण्याच्या बाटल्याही घरीच राहतात. ‘वाटेत मिळेलच की पाणी.’ ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात एप्रिल-मेमध्ये हा भरवसा महागात पडू शकतो.

मुळात पाण्याचं ओझं किती होतं, हे मोजून बघू. 2 लिटर पाणी दौलताबादच्या घाटातून खुलताबादकडे चढवायचं आहे. चढ ढोबळमानानं 200 मीटर धरू. त्यासाठी सुमारे 3,900 ज्यूल ऊर्जा लागते. आपले स्नायू अन्नातली जेमतेम चौथाई ऊर्जा पॅडलपर्यंत पोचवतात, म्हणजे शरीराला खर्च पडतो साधारण 16 हजार ज्यूल, अर्थात 4 किलोकॅलरी. एवढी ऊर्जा एका ग्रॅम गुळातून मिळते! सपाटीला वजनाचा जाच आणखी कमी. तिथं खरा विरोध हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. परभणी-नांदेडच्या सपाट रस्त्यावर समोरून वारा सुटला, तर दोन्ही बाजूंनी फुगलेली बॅग दोन बाटल्यांपेक्षा जास्त दमवते.

उरलेली पाऊण ऊर्जा मात्र अंगातच उष्णता होऊन बसते, आणि खरी डोकेदुखी ती आहे. पॅडलवर 100 वॅट लावले की शरीरात 300 वॅट उष्णता तयार होते. 1 लिटर घाम वाळताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. हिशेब केला, तर नुसती ही उष्णता बाहेर टाकायला तासाला अर्धा लिटरच्या आसपास घाम लागतो. त्यात डोक्यावर ऊन. शिवाय हवा 40 अंशांवर गेली, की ती कातडीपेक्षा गरम होते; अंगावर येणारा वारा नुसता उष्णता देऊन जातो, गारवा जो काय मिळतो तो घाम वाळण्यातून. मग तासाला लिटरभर पाणी सहज जातं. कोरड्या हवेत घाम फुटल्या फुटल्या वाळतो, म्हणून अंग ओलं झालेलं कळतही नाही. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात तेव्हा कळतं. 70 किलोच्या माणसाचं दीड लिटर पाणी कमी झालं, तरी पायातला जोर उतरायला लागतो.

एका लिटर घामाबरोबर साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ जातं. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन गरगरायला, मळमळायला लागतं. इथं ओआरएसची पुडी कामाला येते. लहान आतड्याच्या भिंतीतलं एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम जोडीनंच आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. 1960 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही यंत्रणा मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या.

खाण्याची फार चिंता नको. ज्वारीचे धपाटे, दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, शेंगदाण्याची चटणी हे सगळं प्रवासासाठीच जन्माला आलेलं आहे. घाटाआधी गूळ, मुक्कामाला शेंगदाणे. तेलकट दाणे पचायला वेळ घेतात.

आता काटे. बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटा मात्र कडेच्या मातीत दबा धरून असतो. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. म्हणून जादा ट्यूब दोन घ्याव्यात, शिवाय पॅच आणि सोल्युशन. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरवा. मोडून रुतलेलं टोक तिथं अडकतं, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. सोल्युशन ओलं असताना पॅच चिकटवू नये. त्यातलं द्रावक उडून जाऊन थर कोरडा दिसायला लागला, की मगच पॅच घट्ट धरतो. एकदा फोडलेली सोल्युशनची ट्यूब बॅगेत वाळून जाते, म्हणून न फोडलेली एक जवळ हवीच.

आणखी एक बारकीशी वस्तू. बऱ्याच महागड्या सायकलींना हवा भरायला बारीक तोंडाचा प्रेस्टा वॉल्व्ह असतो, आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या वॉल्व्हला बसणारा. दोघांना जोडणारा पितळी अडॅप्टर बोटाच्या पेराहून लहान असतो. पण बारीक ट्यूबमध्ये हवा मावतेच थोडी, त्यामुळे कॉम्प्रेसरनं दाब बघता बघता वर जातो. ‘मामा, जरा थांबून थांबून भरा’ असं आधीच सांगावं आणि मधूनमधून टायर अंगठ्यानं दाबून पाहावा.