किडनीचा रिपोर्ट हातात आलाय? डायलेसिस ठरवायच्या आधी हे वाचा

आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर रोज कोणतरी रिपोर्ट पुढं सरकवून विचारतंय, "ओ, क्रिएटिनिन 5 आलंय, आता डायलेसिसच काय?" क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, पण नुसत्या त्या एका आकड्यावर ठरत नाही ओ ते. डॉक्टर जीएफआर बघतात, म्हणजे किडनी किती गाळतेय ते. 30 च्या खाली गेलं की चौथी स्टेज, 15 च्या खाली पाचवी. आणि पाचवी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी मशीनला लावत नाहीत, भूक मेलीय काय, मळमळतंय काय, आडवं झालं की दम लागतोय काय, पोटॅशियम किती, हे सगळं बघतात. 2010 मध्ये आयडियल नावाचा अभ्यास छापून आला, त्यात लवकर सुरू केलेले लोक जास्त जगले असं काय दिसलं नाही.

पण सुरू उशिरा झालं तरी ठरवायचं मात्र चौथ्या स्टेजलाच. मशीनचं डायलेसिस करायचं तर हातात फिस्टुला करून घ्यावा लागतोय, धमनी आणि शीर जोडतात, आणि तो तयार व्हायला दीड-दोन महिने जातात, कधी कधी जास्तच. ते आधी केलं नसलं की ऐनवेळी मानेत नळी, आणि नळी म्हणजे इन्फेक्शनची भीती. म्हणून ज्या हातानं लिहीत नाही त्या हाताच्या शिरा आत्तापासूनच जपा, रक्त काढायला आले की तळहाताच्या मागच्या बाजूनं घ्या म्हणून सांगा. फिस्टुला झाल्यावर त्यावर बोट ठेवलं की मांजर घुरघुरल्यासारखं लागतंय, ते रोज सकाळी चहाच्या आधी बघायचं, लागायचं बंद झालं तर तसंच उठून दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपी नाही, सुई नाही, घागर नाही.

मशीन म्हणजे आठवड्याला 3 वेळा, दरवेळी 4 तास. आपल्याकडं खर्चापायी बरेच जण 2 वेळावर भागवतात, पण ते स्वतःच्या मनानं करू नका. आणि तासात जाणं-येणं धरा. बेळगावात राहणाऱ्याचं निभतंय, पण कणकुंबी-जांबोटीकडनं भर पावसात आठवड्याला तीनदा यायचं, संगट एक माणूस, त्याचा रोज बुडाला, हे हिशोबात कोण घेत नाही.

दुसरं पोटाचं डायलेसिस, पीडी. बॅगा आम्हीच विकतोय, म्हणून आम्ही त्याचीच तारीफ करणार असं वाटेल, तर आधी तोटे ऐका. पोटात नळी बसवतात, दिवसाला 3 ते 4 वेळा बॅगेतलं 2 लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, काढायचं, रविवार नाही की गणपती नाही. पाण्यात ग्लुकोज असतंय, म्हणून शुगरवाल्यांनी जास्त लक्ष द्यायचं. दिवसाला 3 धरल्या तरी महिन्याला 90 बॅगा, म्हणजे 180 किलोच्या वर माल, तो ठेवणार कुठं? एका गिऱ्हाइकानं भाताच्या पोत्यांशेजारी ठेवला आणि उंदरांनी दोन बॉक्स कुरतडले, सगळं वाया. फळीवर ठेवा, जमिनीला टेकवू नका.

फायदा असा की हातानं करायच्या पीडीला लाईट लागत नाही, मशीन नाही, सुई नाही, आणि खाण्यापिण्याचं बंधन थोडं सैल असतंय. एक स्वच्छ खोली, बॅग अडकवायला भिंतीला खिळा, आणि न चुकता साबणानं हात धुणारा माणूस एवढं पायजे. बदलताना पंखा बंद, दार बंद. निघालेली बॅग तरुण भारतवर ठेवून बघायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर बॅग तशीच घेऊन दवाखान्यात या, टाकून देऊ नका, ती तपासायला लागतीय.

घरात किडनी देणारं कोण असेल तर ट्रान्सप्लांटचं आधीच विचारा. आणि फार वय झालेल्या, बाकी आजारांनी खचलेल्या माणसाला डायलेसिस न करता औषधांवर आरामात ठेवणं हाही एक मार्ग हाय, तो विचारायला लाजू नका.

पैशाचं म्हणाल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड काढलं नसलं तर आधी ते काढा. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना जाहीर केलीय, तुमचं गाव यादीत हाय काय आणि कुठल्या दवाखान्यात चालतंय ते विचारून घ्या.

आणि ओ, गुडघा दुखतोय म्हणून आमच्याकडंच पेनकिलर मागू नका, देणार नाही. लो सोडियम मीठ नको, त्यात पोटॅशियम असतंय. शहाळं, उसाचा रस डॉक्टरला विचारून. परड्यातली करमलं (स्टार फ्रूट) तर तोंडात सुद्धा घालू नका, किडनीच्या पेशंटला ती डोक्यात चढतात, उचक्या लागतात, झटके येतात.

बॅगा सांगायला येताना खोलीचा एक फोटो मोबाईलवर आणा, खिळा कुठं मारायचा ते आमचा पोरगा दाखवंल.